धुमाळ मॅडम आणि पासलीचा रिकामा रस्ता

धुमाळ मॅडम हसल्या की खालच्या दुकानातला वाणी मान वर करून छताकडे बघायचा. आमचं ऑफिस भोरच्या बाजारपेठेत, त्याच्या दुकानाच्या माडीवर. मॅडमचं हसू जिन्यानं खाली उतरायचं, थेट दुकानात शिरायचं, आणि एखादं खेड्यातलं गिऱ्हाईक पिशवी तशीच धरून विचारायचं, "वर लगीन हाय का काय?" वाणी शांतपणे शेंगदाणे मोजत सांगायचा, "न्हाई. त्यांचं कायतरी चुकलं असंल."

आणि ते खरं असायचं. बाकीच्या कचेऱ्यांत काम फत्ते झालं की पेढे येतात. आमच्याकडे चूक सापडली की भजी यायची, आणि तीही मॅडमकडून. चूक जेवढी मोठी तेवढी भजी जास्त. मी सगळा जन्म सरकारी नकाशे काढण्यात घालवलेला माणूस. आमच्यात चूक झाली तर ती पांढऱ्या शाईनं झाकतात, कागदात गुंडाळून गरम गरम वाटत नाहीत. पहिल्या भज्यांना मी हातही लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "काका, खा हो. चूक ताजी आहे तोवर गोड लागते."

आमचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांवर नजर ठेवायची, आणि तीही खुर्चीत बसून. पूर्वी नाक्यानाक्यावर माणसं बसवून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजत. आता ते काम तुमच्या खिशातला मोबाईल करतो. तुम्ही भोरहून निघालात की तो काही गप्प बसत नाही. एका टॉवरची हद्द सुटली की पुढच्या टॉवरचा हात धरतो, तो सुटला की त्याच्या पुढच्याचा. हा हात किती वेळात सुटला, यावरून गाडी पळते आहे की खोळंबली आहे ते समजतं. कुणाचा फोन, कुठला नंबर, हे आम्हाला दिसत नसे आणि बघायची मुभाही नसे. दिसायचे ते नुसते ठिपके. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नकाशा, आणि त्यावर मुंग्यांसारखी चाललेली ठिपक्यांची रांग. कुठल्या रस्त्याला डागडुजी हवी, कुठल्या फाट्यावर रविवारी पोलीस हवेत, कुठली एसटी भरून जाते आणि कुठली रिकामी, हे सगळं त्या ठिपक्यांवरून आम्ही वर कळवायचो.

मॅडम मूळच्या भोंगवलीच्या, शेतकऱ्याघरच्या. पुण्याला इंजिनियर झाल्या, बरीच वर्षं टॉवरच्या कामात घालवली आणि मग ही योजना घेऊन आपल्याच मुलखात आल्या. अंगानं भरलेल्या, सुती साडी, पायात पांढरे पळायचे बूट. पर्समध्ये पावडर-कंगवा नसायचा, भाजलेल्या शेंगा असायच्या, आणि टरफलं कुठं टाकायची या प्रश्नावर आमचं रोज वाजायचं. फोनवर पुण्याच्या साहेबांशी बोलताना त्यांची मराठी अगदी कडक इस्त्रीची. पण आनंद झाला किंवा राग आला की भोंगवली बाहेर पडायची. सकाळी आल्या की पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "दिसतंय ते दिसतंय, पण खरं हाय का?" मला वाटायचं, पडदा त्यांनीच उभा केला, मग त्याच्यावर एवढा संशय कशाला? मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "आपल्या पोराला आपणच वळण लावायचं असतं, काका. शेजाऱ्यांवर सोडायचं नसतं."

एका रविवारी ठिपक्यांना वेड लागलं. पालीच्या बाजूनं राजगडाकडे निघालेले ठिपके वर चढता चढता एकदम भोरच्या बाजूला उमटायचे, क्षणात नसरापूरकडे, पुन्हा वेल्ह्यात. वेग बघावा तर विमानालाही लाजवील असा. मी घाबरून यंत्र बंद करायला निघालो. मॅडमनी माझा हात धरला, थोडा वेळ टक लावून बघितलं आणि मग अशा हसल्या की खालून वाण्यानं काठीनं छत ठोकलं.

"अहो काका, ही गडावरची पोरं! गडावर उभं राहिल्यावर माणसाला चारी मुलूख दिसतात. मग मोबाईलला दिसू नयेत? त्याला चहूकडचे टॉवर दिसतात. एकाचं बोट सोडतोय, दुसऱ्याचं धरतोय."

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या धुमाळ मॅडम कसल्या? पुढच्याच रविवारी मला घेऊन पालीला. मी पायथ्याशी एका घरात पिठलं-भाकरीसमोर बसलो आणि तिथून हललो नाही. त्या गड चढून गेल्या, वर उभं राहून स्वतःचा ठिपका इकडून तिकडे उड्या मारताना बघितला, आणि उतरल्या त्या मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातल्या पोरींच्या घोळक्यासकट. पोरींना त्यांनी वाटेत सगळं समजावून सांगितलं होतं. त्यातली एक मला म्हणाली, "काका, तुमच्या मॅडम भारी आहेत." मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, रोज त्यांच्या शेंगांची टरफलं उचल, मग सांग. पण आतून मला बरंच वाटलं होतं.

दुसरी एक गंमत लग्नसराईतली. नसरापूरकडच्या रस्त्यावर ठिपक्यांचा असा गठ्ठा झाला की सुटेचना. मॅडमनी पोलीस चौकीला फोन लावला, "मोठी कोंडी झाली आहे, कुणाला तरी पाठवा." हवालदार गेले आणि थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. मागून एवढा गोंगाट की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"म्याडम, वरात हाय वरात! नवरदेवाचा मामा घोड्याम्होरनं हलंना. लई नाचतोय."

"मग तुम्ही काय करताय?"

"म्या बी हितंच हाय." एवढं बोलून ते जरा घुटमळले. "बँड चांगला हाय, म्याडम."

मॅडमनी फोन ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. संध्याकाळी परतल्या त्या कपाळभर कुंकू आणि पिशवीत बुंदीचे लाडू घेऊन. भजी ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राला नवा नियम शिकवला: जी गर्दी पुढं जाते, मागं येते आणि परत पुढं जाते, ती कोंडी नव्हे, वरात समजावी. हा नियम पुण्याच्या साहेबांपुढं वाचून दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मीच खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसलो.

पण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या पासलीच्या गाडीच्या वेळी. पासली म्हणजे वेल्ह्याच्या पलीकडचं डोंगरातलं गाव, भाताच्या खाचरांचं. तिथं मुक्कामी एसटी जायची. संध्याकाळी चढायची, रात्रभर गावात थांबायची, सकाळी माणसं घेऊन वेल्ह्याला उतरायची आणि दुपारी त्यांना परत सोडायची. वरून विचारणा आली की हायवेच्या बाजूला गाड्या कमी पडतात, तर दोन तालुक्यांतली कुठली फेरी काढता येईल? आम्ही पडदा बघितला. पासलीच्या रस्त्यावर सकाळच्या वेळी एकदोन ठिपके सोडले तर काही नव्हतं. मॅडमनी अहवाल लिहिला, या रस्त्यानं सकाळी जवळजवळ कुणीच प्रवास करत नाही. खाली सही केली. सोमवारी वेल्ह्यात साहेबांची बैठक होती आणि त्या अहवालावर पासलीची गाडी बंद होणार होती.

अहवाल गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मॅडम पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. रस्ता रिकामा, पण पासलीच्या वरच्या वळणावर ठिपक्यांचा एक गठ्ठा होता. सकाळी बघावा तरी तिथंच, दुपारी बघावा तरी तिथंच. नकाशावर त्या वळणाला घर नाही, दुकान नाही, म्हणून यंत्रानं ठरवून टाकलं होतं की ही सगळी वाहनं रस्त्यात उभी आहेत.

"ज्या रस्त्यानं कुणी जात नाही," मॅडम म्हणाल्या, "त्या रस्त्यावर एवढ्या गाड्या अडकल्यात कशा?"

मी म्हटलं, "यंत्र बिघडलं असेल."

"मग तर जायलाच पाहिजे. चला."

आम्ही जीप काढली. भाताच्या कापण्या उरकल्या होत्या, खळ्याखळ्यावर झोडणी चालू होती. ते वळण आलं, तर तिथं ना गाडी, ना घोडं. एक जुनं उंबराचं झाड आणि बुंध्याशी दगडावर बसलेला एक म्हातारा. झाडाच्या खालच्या फांद्यांना मात्र नाना तऱ्हेच्या पिशव्या लटकत होत्या. कापडाच्या, प्लॅस्टिकच्या, एक तर तान्ह्या बाळाचा पायमोजा. आम्ही जवळ गेलो तोच त्यातली एक पिशवी वाजायला लागली. म्हातारा सावकाश उठला, चाचपून बरोबर तीच पिशवी काढली आणि आतला मोबाईल कानाला लावला.

"कोन? सुनील व्हय? सुनील झोडनीला गेलाय. म्या आबा बोलतोय, उंबराखालनं. काय निरोप?"

ऐकून घेतलं, "बरं बरं, सांगतो," म्हटलं आणि मोबाईल परत पिशवीत.

पासलीत सगळ्या गावाला मिळून रेंज होती ती या एकाच वळणावर. समोरच्या डोंगरावर टॉवर झाला होता, त्याची नजर इथं तेवढी पोचायची. म्हणून घरोघरचे फोन सकाळी इथं आणून टांगायचे आणि संध्याकाळी न्यायचे, नाहीतर तसेच राहू द्यायचे. आबांचे गुडघे दुखतात, शेतावर जाणं होत नाही, तेव्हा निरोप घ्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलेलं. मॅडमना हसू आवरेना. त्या बुंध्याशी मातीत फतकल मारून बसल्या, डोळ्यांतून पाणी. आबाही त्यांच्याकडे बघून दात नसलेलं हसत होते.

"आबा, मग गावाला निघताना तरी फोन बरोबर नेता का न्हाई?" त्यांनी पदरानं डोळे पुसत विचारलं.

"कशापायी? वाटंला रेंज न्हाई. खिशात ठिवला तर निस्ता रेंज हुडकत बसतो आन् बॅटरी खातो. आन् घरला कुनाचा फोन आला तर उचलायचा कुनी? हितं ऱ्हायला म्हंजी म्या हाय की."

मॅडमचं हसू जागच्या जागी थांबलं. माझ्याही डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पासलीची माणसं रोज गाडीनं वेल्ह्याला जात होती. फक्त त्यांचे फोन झाडाला टांगलेले राहत होते. आणि आम्हाला माणसं दिसतच नव्हती, फोन तेवढे दिसत होते.

एवढ्यात डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन एक बाई आली. आबा म्हणाले, "ही हौसा. हिचा बी फोन हितंच अस्तो, तो पायमोज्यातला." हौसाबाईंनी भारा खाली टाकला आणि आमच्या जीपकडं बघून विचारलं, "तुमी एश्टीचं हाय का ओ? गाडी बंद व्हनार म्हंत्यात, खरं हाय का?"

आबा म्हणाले, "हिची सून दोन जिवांची हाय. दर येळेला वेल्ह्याच्या दवाखान्यात गाडीनं नेती."

"जीप ठरवायची म्हंजी कुठनं आनायची?" हौसाबाई म्हणाल्या. "तुमी मोटी मानसं, तेवढं सांगा की वर कुनाला तरी."

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "मावशी, गाडी बंद करा असं मीच लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली. आता मीच निस्तरते."

हौसाबाईंनी भारा उंबराला टेकवून ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. च्या घेता का?"

संध्याकाळी आम्ही परतलो. भोरला पोचलो, भज्यांच्या गाड्यांच्या चौपाटीवरून गेलो, तिथं कढई तापलेली होती, पण त्यांनी जीप थांबवली नाही. जिना चढताना म्हणाल्या, "काका, आजवर आपण चुकलो ते आपल्याला भोवलं. या खेपेला चुकलो आपण, आणि चालत जाणार होत्या हौसाबाई." मला त्यांच्याबद्दल एवढी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी माझी अक्कल पाजळली. म्हटलं, पासलीकरांना सांगू, बैठकीपर्यंत फोन खिशात ठेवून गाडीत बसा. आपोआप ठिपके दिसतील, अहवाल सुधारता येईल.

"म्हणजे आपल्या पडद्यासाठी त्यांनी फोन मिरवायचे?" मॅडम म्हणाल्या. "आणि आबांनी दिवसभर काय करायचं?"

त्यांनी तडक साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे पुण्याचे, शिस्तीचे, हसणं हे ऑफिसच्या वेळेत बसत नाही असं मानणारे. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. "मॅडम, तुमची विदर्भात बदली झाली आहे. तिथं हीच योजना तुमच्या हातानं सुरू व्हायची आहे. जाता जाता स्वतःच्याच कामावर पाणी ओतू नका."

"साहेब, पाणी मुरतंय कुठं ते सांगतेय. माझा अहवाल चुकलाय. मी मागे घेते."

"नुसत्या शब्दावर कसा मागे घेणार? पडदा तर अजूनही तेच दाखवतोय."

"शब्दावर नको. सोमवारी बैठकीच्या आधी सकाळी वेल्ह्याच्या स्टँडवर उभे राहा. बाकी मी बघते."

सोमवारी साहेब आणि मी वेल्ह्याच्या स्टँडवर. तोरण्याच्या डोक्यावर धुकं होतं आणि साहेबांच्या डोक्यावर कानटोपी. मॅडम आदल्या संध्याकाळच्या गाडीनंच पासलीला गेल्या होत्या. साहेबांनी लॅपटॉप माझ्या हातात धरायला दिला आणि पासलीचा रस्ता उघडला. वळणावरचा तो गठ्ठा सोडला तर रस्ता स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखा. गाडी यायची वेळ झाली तेव्हा वेल्ह्याच्या अलीकडे दोन ठिपके उगवले.

"दोन, जोशी," साहेब म्हणाले. "एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. काय सांगत होतो मी?"

तेवढ्यात गाडी वळली. एका अंगाला कललेली, दाराला माणसं लगडलेली. थांबली आणि आतून पासली उतरायला लागली. तांदळाची पोती उतरली, पोत्यांचे मालक उतरले, कॉलेजच्या पोरी उतरल्या, कोंबडी घेऊन एक आजी उतरल्या आणि त्यांनी ती क्षणभर साहेबांच्या हातात दिली, कारण त्यांना पदर सावरायचा होता. हौसाबाई सुनेला धरून जपून उतरल्या. सुनेचा चेहरा टवटवीत होता. साहेब एक पाऊल मागं सरत होते, गर्दी त्यांना आणखी एक पाऊल मागं सारत होती. लॅपटॉपवर ठिपके दोनच.

सगळ्यांत शेवटी मॅडम उतरल्या. साडीचा बोळा झालेला, केसांत पेंढ्याची काडी, कडेवर कुणाचं तरी पोर.

साहेब कोंबडी परत करत म्हणाले, "मॅडम, तुम्ही होतात या गाडीत? तुमचाही ठिपका आला नाही."

"कसा येईल?" मॅडम म्हणाल्या. "माझा फोन उंबराला टांगलाय!"

आणि त्या हसल्या. आख्ख्या स्टँडनं वळून बघितलं. चहाच्या टपरीवरचा माणूस किटली तशीच वर धरून उभा राहिला. साहेबांचे ओठ पहिल्यांदा हललेले मी बघितले, पण ते लगेच सावरले. "बैठकीत ठरवू," म्हणाले आणि निघून गेले.

मॅडमना बैठकीला बोलावणं नव्हतं, त्यांच्याच अहवालावर निर्णय होताना त्यांनी तिथं बसू नये म्हणून. दुपारी तीच गाडी बाजार-दवाखाना उरकलेली माणसं घेऊन उलट पासलीला निघाली, हौसाबाईही तीत होत्या. मॅडमना फोन आणायचा होता, हौसाबाईंकडे जेवणाचं कबूल केलं होतं, तिथून भोंगवलीला जाऊन सामान बांधायचं आणि विदर्भात रुजू व्हायचं. त्या खिडकीशी बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, टरफलं खिडकीतून बाहेर टाकू नका." त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात देऊ का?" आणि खरोखरच मूठभर दिली. गाडी सुटली. वळणापर्यंत त्यांचा हात खिडकीबाहेर हलत होता, मग झाडीत गाडी दिसेनाशी झाली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

बैठक लांबली. मी बाहेर कट्ट्यावर बसून होतो, काही केल्या जीव थाऱ्यावर नव्हता. अखेर साहेब बाहेर आले, कानटोपी काढून घडी घातली आणि म्हणाले, "पासलीची गाडी राहू द्यायची ठरलंय. मॅडमना कळवा."

मी घाईघाईनं मॅडमचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला.

"कोन?"

"मी जोशी, भोरहून. मॅडम आहेत का?"

"म्याडम अजून वाटंला हायत, गाडीत. म्या आबा बोलतोय, उंबराखालनं. काय निरोप?"

मी म्हटलं, "त्यांना सांगा, पासलीची गाडी राहिली. बंद होत नाही."

मग आबांनी विचारलं, "ह्यो निरोप एकट्या म्याडमलाच द्यायचा, का समद्यांला?"

"समद्यांला, आबा," मी म्हटलं. "समद्यांला द्या."